डावीकडची शांतता

१

उन्हाळा लागला की दर रविवारी पहाटे आम्ही दोघं डोंगरावर जायचो, मी आणि माझा मोठा भाऊ. ऊन तापायच्या आत वर पोचायचं आणि आठच्या आत खाली यायचं, असा नेम. दादाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याला चालत राहायला सांगितलं, तेव्हापासूनचा हा उद्योग. वहिनीने तो माझ्या गळ्यात घातला, कारण तिचे गुडघे दुखतात, आणि दादाला एकट्याला सोडलं तर तो चालत नाही, भेटेल त्याच्याशी गप्पा मारत उभा राहतो.

दादाने एकतीस वर्षं बस चालवली. 'चालकाशी बोलू नये' ही पाटी डोक्यावर घेऊन एकतीस वर्षं तो तोंड मिटून बसला, आणि निवृत्त झाल्यापासून त्याची भरपाई चालू होती. चढावर मला धाप लागायची. तो मात्र बोलत असायचा. वाटेला वळण आलं की जुन्या सवयीने तोंडाने हॉर्न द्यायचा. झाडीत कोण आडवं येणार होतं कोणास ठाऊक, पण "प्याँऽ प्याँऽ" केल्याशिवाय पुढचं पाऊल पडायचं नाही.

मी कान तपासते. इस्पितळाच्या तळमजल्यावर माझी जाड भिंतींची एक खोली आहे. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं. आवाज आला की दाबा. कितीतरी माणसं आवाज नसतानाही दाबतात. ऐकू आलं नाही हे कबूल करायला लाज वाटते माणसाला. त्यामुळे कुणी 'मी अगदी स्पष्ट ऐकलं' म्हटलं की मी आधी त्याच्या कानांचा आलेख बघते. स्वतःच्या बाबतीतही माझा तोच हिशोब असतो, म्हणून पुढचं सांगताना मी जरा जपून सांगणार आहे.

२

त्या रविवारी आम्ही पाच वाजता डोंगराच्या पायथ्याशी वनखात्याच्या चौकीवर पोचलो. गार्ड पायऱ्यांवर बसून दात घासत होता. तोंडातला ब्रश न काढताच त्याने हात हलवला. "आज पहिलेच का आम्ही?" दादाने विचारलं. गार्डने मान डोलावली.

वाट सुरुवातीला रुंद आहे. दोन्ही बाजूंना उंच झाडी, मधे पाचोळा. उन्हाळ्यात तो इतका वाळलेला असतो की सरडा पळाला तरी माणूस चालल्यासारखं वाटतं. झुंजूमुंजू झालं होतं आणि पाखरांनी नुसता कल्ला मांडला होता. दादा माझ्या उजव्या हाताला होता. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी गच्चीवरची टाकी साफ करायला माणूस बोलावला आणि स्वतःच आत कसे अडकले, ते तो रंगवून सांगत होता.

पाण्याच्या सिमेंटच्या टाकीपाशी पोचलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पाखरं फक्त उजवीकडे ओरडताहेत.

डावीकडे काहीच नव्हतं. आवाज कमी नव्हता, नव्हताच. माझ्या खोलीचं दार लावल्यावर कानांवर जसा दाब येतो, तसा डाव्या बाजूने येत होता.

मला वाटलं, कानात मळ बसला असेल. जगाचे कान तपासते आणि स्वतःचे बघत नाही. मी डाव्या कानाजवळ अंगठा आणि बोट चोळून बघितलं. खर्र्, खर्र्. स्वच्छ ऐकू आलं. उजव्या कानाशीही तसंच. दोन्ही कान ठीक होते.

"काय गं, माशी गेली का कानात?" दादा म्हणाला.

"नाही रे. तू सांग पुढे. मास्तरांना बाहेर कोणी काढलं?"

तो पुढे सांगायला लागला. मी थांबले आणि पाठमोरी झाले, खालच्या दिशेला तोंड करून. कानातच दोष असेल तर तो माझ्याबरोबर वळायला हवा, शांतता डाव्याच कानाशी राहायला हवी. साधी परीक्षा आहे ही, शाळेतल्या पोरालाही कळेल.

मी वळले तशी डाव्या कानात पाखरांची ओरड शिरली. शांतता उजवीकडे गेली होती. म्हणजे ती माझ्या कानात नव्हती. त्या झाडीत होती.

३

डोंगरात अशा जागा असतात, असं मी मनाला समजावलं. एखादी घळ असते, तिथे आवाज पोचत नाही. चालत राहिलो की मागे पडेल.

ती मागे पडली नाही. टाकी गेली, बसायचा बाक गेला. वाट उजवीकडे वळली, परत डावीकडे वळली, आणि ती आमच्या बरोबरीने येतच राहिली. मी थांबले की थांबायची. तिकडच्या एका झाडावरून वाळलेली फांदी सुटली. खालच्या दगडावर आपटून तिचे दोन तुकडे झालेले मी बघितले. आवाज आला नाही.

"दादा, तुला डावीकडचं काही ऐकू येतंय?"

"डावीकडे माझी बहीण चालतेय. तिची धाप ऐकू येतेय," तो म्हणाला.

"थट्टा करू नकोस ना."

त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि थोडा गंभीर झाला. "थांब, बघतो," म्हणून तो माझ्या पुढून वाट ओलांडून डावीकडच्या झाडीत शिरला. मी त्याची बाही धरायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता.

चार पावलं गेला असेल. पाचव्या पावलाला त्याच्या बुटांखालचा पाचोळा वाजायचा थांबला. तो आणखी दोन पावलं गेला आणि एका खोडाशी उभा राहिला. माझ्याकडे त्याची बाजू होती. त्याचे ओठ हलत होते. दादा बोलत होता. मधे हात वर करून त्याने काहीतरी समजावलं, मग मान मागे टाकून हसला. माझ्यापासून फार तर पंधरा फुटांवर होता तो, आणि त्याचं हसणं मला ऐकू येत नव्हतं.

"दादा!" मी ओरडले. त्याने वळूनही बघितलं नाही. हसू संपलं, तसा तो गप्प झाला आणि ऐकायला लागला. मान डावीकडे जराशी कलती करून, कोणीतरी अगदी जवळून बोलत असावं तसा. मग होकार दिल्यासारखी मान हलवून तो परत आला. मघाच्याच जागी पाचोळा परत वाजू लागला.

"चल," तो म्हणाला. "पण पाय दुखला तर माझ्या नावाने बोंब मारू नकोस."

"कुठे चल?"

"मनोऱ्याच्या पलीकडे. आत्ताच म्हणालीस ना, आज अजून थोडं वर जाऊ."

४

वणवा दिसावा म्हणून वर एक लोखंडी मनोरा आहे. तिथे वाट संपते. त्याच्या पलीकडे आम्ही कधीच गेलो नव्हतो, कारण पलीकडे वाटच नाही.

"मी काही बोलले नाही, दादा."

"बरं, नसशील बोलली." त्याला वाटलं, मी खेळतेय. "मग मी आईची आठवण काढून हसत होतो का एकटाच?"

"आईबद्दल बोललास?"

"तूच काढलास की विषय." आता तो वैतागला. "काय चाललंय तुझं? झोप झाली नाही का?"

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. तिथे थट्टा नव्हती. आधी मनात आलं, याला काहीतरी होतंय, मेंदूला रक्त कमी पडत असेल, ऑपरेशननंतर होतं असं कधीकधी. मग पाचोळा आठवला. त्याच्या मेंदूतल्या रक्ताशी माझ्या कानांना ऐकू न आलेल्या पाचोळ्याचा काय संबंध?

मी खाली बसले आणि घोटा धरला. "मुरगळला. चल खाली जाऊ."

"आत्ता तर बरी होतीस!"

"दादा, दुखतंय रे."

माझं दुखणं म्हटल्यावर तो निमूट वळला. लहानपणापासून त्याचं हे असं आहे. "खांद्यावर हात ठेव," म्हणाला. मी त्याला उजवीकडे घेतलं, त्याच्या मनगटाला घट्ट धरलं आणि लंगडत चालायला लागले. आता आमचं तोंड खालच्या दिशेला होतं. म्हणजे शांतता उजवीकडे हवी होती, दादाच्या बाजूला. मी पटकन बाजू बदलली.

५

बाकापासून टाकीपर्यंत वाट इतकी अरुंद आहे की एकामागे एक चालावं लागतं. दादा पुढे झाला. मी त्याच्या शर्टाचं टोक धरलं.

तो बोलत होता. पुन्हा मास्तरांकडे वळला होता, आणि मी मुद्दाम मोठ्याने हसत होते. मधेच तो म्हणाला, "नाही गं, बहुतेक निळी होती." थोडं चालला. "हो, तीच. तुला बरी आठवते."

मी काहीच विचारलं नव्हतं.

खोटं का सांगू, मला वर बघायचं नव्हतं. मी त्याच्या टाचांकडे बघत चालले होते. पण त्याच्या आवाजाची एक बाजू हळूहळू पुसली जात होती. आधी शब्दांची टोकं गेली, मग अख्खे शब्द जायला लागले, आणि मी मान वर केली.

वाटेच्या कडेला, दादाच्या उजव्या खांद्याशी, कोणीतरी वाकलेलं होतं.

चेहरा दिसला नाही. तो दादाच्या कानाआड होता. मला दिसली ती पाठ, आणि ती पाठ संपत नव्हती. झाडीतून ती पुढे आलेली होती, फार उंचावरून वाकून, ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्याशी बोलायला आपण वाकतो तशी. मायेने वाकलेली. तेच भयंकर होतं. दादाचं पाऊल पुढे पडलं की ती सरकायची, आणि खालचं एक पानही हलत नव्हतं.

मी डोळे मिटले आणि जिवाच्या आकांताने शर्ट ओढला. दादा मागे माझ्या अंगावर पडला. आम्ही दोघं पाचोळ्यात आपटलो आणि त्याचा एवढा मोठा आवाज झाला की मला रडू फुटलं. पाखरं ओरडत होती, दोन्हीकडून.

"अगं, ऑपरेशन झालेलं माणूस आहे मी!" दादा कळवळून म्हणाला. त्याला काहीच दिसलं नव्हतं.

६

सोमवारी मी सहकाऱ्याकडून माझे कान तपासून घेतले. आलेख एखाद्या विशीतल्या मुलीसारखा आला. "पेढे वाटा," तो म्हणाला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, तिथेही काही सापडलं नाही. पहाटेचा अंधुक उजेड, वाकलेलं झाड, चढाचा थकवा, असं सगळं मी स्वतःला रोज सांगायचे आणि रोज थोडं पटायचं.

वहिनीला यातलं काही सांगितलं नाही. पाय मुरगळलाय, महिनाभर डोंगर बंद, एवढंच म्हटलं.

गुरुवारी तिचा फोन आला. "वन्सं, ह्यांना काय केलंत हो? घरात शब्द बोलत नाहीत. नुसते गॅलरीत बसतात, मान वाकडी करून. काल एकटेच हसले. विचारलं तर म्हणे, तुमच्याशी बोलतोय."

"फोनवर?"

"हातात फोन कुठे होता?"

मी संध्याकाळी गेले. दादा मला बघून खूश झाला, पण चकितही झाला, नुकत्याच उठून गेलेल्या माणसाला परत दारात बघावं तसा. त्याची साखर, रक्तदाब, सगळं ठीक होतं. मी त्याला बजावलं, माझ्याशिवाय डोंगरावर जायचं नाही. "तुझ्याशिवाय कशाला जाईन?" तो म्हणाला.

७

रविवारी पावणेपाचला फोन वाजला.

"वन्सं, कुठवर पोचलात?" वहिनी. "ह्यांच्या गोळ्या इथेच राहिल्यात. गार्डकडे ठेवायला कुणाला पाठवू का?"

मी अंथरुणात होते. "वहिनी, मी घरी आहे."

"असं काय करता? तुम्ही आलात ना आत्ता? खालून हाक मारलीत, दादा, चल, म्हणून. मी ऐकली की. म्हटलं, पाय बरा झाला वाटतं. हे स्कूटर काढून तुमच्या मागे..." ती थांबली. तिच्या श्वासाचा आवाज येत राहिला. "वन्सं, मी तुमचा आवाज ऐकलाय."

गाडी कशी चालवली ते आठवत नाही. चौकीशी दादाची स्कूटर होती. गार्ड मला बघून उभा राहिला. "तुम्ही तर पुढे गेलाय म्हणाले तुमचे भाऊ. ती पुढे आहे, गाठतो तिला म्हणाले. मला वाटलं, माझा डोळा लागला तेव्हा गेलात." मी धावतच सुटले. तो मागून ओरडला, "फाटक लावून येतो, थांबा!" मी थांबले नाही.

आणि वाटेवर सगळं ठीक होतं. डावीकडे पाखरं, उजवीकडे पाखरं. पायांखाली पाचोळा वाजत होता. टाकीपाशी, बाकापाशी, वळणावर मी थांबून थांबून ऐकलं. शांतता कुठेच नव्हती. ती इथे राहिलीच नव्हती, हे कळल्यावर मी मनोऱ्याकडे धावत सुटले.

मनोऱ्याच्या पलीकडे, वणवा पसरू नये म्हणून झाडं तोडून मोकळा ठेवलेला एक पट्टा आहे. त्याच्या टोकाला खडकावर दादा बसला होता. पाय कड्यावरून खाली सोडलेले. शेजारी जागा ठेवून बसला होता, आणि त्या रिकाम्या जागेकडे बघून भरभरून बोलत होता. मला काही ऐकू येत नव्हतं.

मी हाक मारली. माझी हाक मलाही ऐकू आली नाही.

मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्याचा चेहरा आनंदला, आणि तसाच थिजला. त्याने शेजारी बघितलं. परत माझ्याकडे बघितलं. परत शेजारी. अशी भांबावलेली नजर मी त्याच्या ऑपरेशनच्या दिवशीही बघितली नव्हती. मी बोलले असते तरी त्याला ऐकू गेलं नसतं. नुसता हात पुढे केला, आणि तो तसाच धरून ठेवला. त्याने बराच वेळ घेतला. मग त्याने पाय कड्यावरून वर घेतले, शेजारच्या जागेकडे न बघता उठला आणि माझ्याकडे चालत आला. अर्ध्या वाटेवर त्याच्या पावलांना आवाज फुटला.

८

मागून आलेल्या गार्डने आणि मी त्याला खाली आणलं. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "ती रडत होती."

"कोण, दादा?"

"तू. तिथे." त्याने काचेतून डोंगराकडे बघितलं नाही. "म्हणाली, दादा, ही कोण आहे, हिच्याबरोबर जाऊ नकोस. माझा शर्ट धरला होता तिने. मी सोडवून घेतला." मग त्याने मला विचारलं, "मी माझ्याबरोबर तुलाच आणलंय ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

याला आता तीन आठवडे झाले. दादाची तब्येत चांगली आहे. हळूहळू बोलायला लागलाय. मास्तरांवरून विनोदसुद्धा करतो. फक्त माझ्याशी बोलताना मधेच थांबतो आणि माझा चेहरा निरखत राहतो. वहिनीने दाराला आतून कुलूप घालायला सुरुवात केलीये. किल्ली ती उशाखाली ठेवते. रोज पहाटे खालून हाक येते, असं तिने मला सांगितलं. मी विचारलं, माझ्याच आवाजात का? ती म्हणाली, "तुमच्याच. पण वन्सं, तो आवाज रोज थोडा लहान होतोय. आता एखाद्या आठ वर्षांच्या मुलीचा वाटतो."

काल मी त्यांच्याकडेच झोपले. म्हटलं, आपले कान चांगले आहेत, एकदा स्वतःच ऐकू आणि काय तो निकाल लावू. पहाटे साडेचारला उठून आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत बसलो. दादा माझ्या शेजारी कोचावर, वहिनी समोर. दिवा लावला नव्हता. रस्त्यावरून दुधाची गाडी गेली. कुठेतरी नळ चालू झाला. मी प्रत्येक आवाज मोजत होते.

बरोबर पावणेपाचला दोघांनी एकदम खिडकीकडे मान वळवली. वहिनीने तोंडावर पदर घेतला. दादाचे डोळे भरून आले. दुधाची गाडी, नळ, सगळं मला ऐकू येत होतं. हाक ऐकू आली नाही.

मग दोघांनी सावकाश माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

दादा कोचावर माझ्यापासून थोडा दूर सरकला.

"विचारतेय," तो म्हणाला, "दादा, तुझ्याजवळ कोण बसलंय?"